पुणे ते गोवा किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर : ऑनलाइन नकाशावर आखलेल्या मार्गावर किती भिस्त ठेवावी?

घाटमाथा :
नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये आम्ही तिघे मित्र पुण्याहून ताम्हिणी घाटाने खाली उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे करत सायकलने गोव्यात जाणार आहोत. एकूण अंतर सातशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि हाताशी नऊ दिवस आहेत. तिघांनीही याआधी पुणे-महाबळेश्वरसारख्या दोन दिवसांच्या फेऱ्या केल्या आहेत, पण इतका लांबचा पल्ला पहिल्यांदाच गाठत आहोत.

अडचण अशी आहे की, हाच मार्ग मी तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आखून पाहिला आणि तिन्हींची उत्तरे जुळत नाहीत. एकाने एकूण चढ ६,४०० मीटर सांगितला, दुसऱ्याने ८,१०० आणि तिसऱ्याने ९,७००. शिवाय बागमांडल्याला पोहोचल्यावर एक संकेतस्थळ खाडी ओलांडतच नाही. ते मागे फिरवून म्हसळ्यामार्गे आंबेतच्या पुलावर नेते, म्हणजे पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर दिसत असताना अख्खा दिवस वळसा घालण्यात जायचा. दुसरे मात्र सरळ पाण्यावरून रेघ ओढून मोकळे होते. यांतल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवून मुक्काम ठरवावेत, आणि फेरीबोटींचा हिशेब मार्गात कसा धरावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहाटवारा :
मुक्काम ठरवताना देशावरचा हिशेब कोकणात लावू नका. सोलापूर रस्त्यावर दिवसाला सव्वाशे किलोमीटर जाणारा माणूस गुहागर ते रत्नागिरी पट्ट्यात सत्तर-ऐंशीवर थकतो. चढ मोठे नसतात, पण संपत नाहीत.

मोजपट्टी :
माझे काम भूमापनाशी संबंधित असल्यामुळे चढाच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

यांपैकी बहुतेक संकेतस्थळे रस्त्याची उंची प्रत्यक्ष मोजत नाहीत. नकाशावरची रेघ ज्या चौकोनांतून जाते, त्या चौकोनांची उंची ती एका तयार तक्त्यातून उचलतात. असा सर्वांत प्रसिद्ध तक्ता फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने तयार केला. त्याचा चौकोन सुमारे ३० मीटरांचा असतो. आता कोकणातला रस्ता डोळ्यांपुढे आणा. खाडीच्या कडेने जाणारा, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला उतरण असलेला, कापून काढलेला रस्ता प्रत्यक्षात सपाट असतो, पण तक्त्यातला एक चौकोन डोंगराकडे झुकलेला असतो आणि पुढचा पाण्याकडे. त्यामुळे संगणकाला त्या सपाट रस्त्यावर दहा-दहा मीटरांचे चढउतार दिसतात आणि ते सगळे बेरजेत पडतात. भरीस भर म्हणजे रडारचे तरंग दाट झाडीच्या शेंड्यांवरून परततात, म्हणून आंब्या-काजूच्या बागांतून जाताना जमिनीऐवजी झाडांची उंची मोजली जाण्याची शक्यता असते.

याच्या नेमके उलटही घडते. खोटे चढउतार काढून टाकण्यासाठी प्रत्येक संकेतस्थळ आकडे आपापल्या पद्धतीने गुळगुळीत करते. त्यात खाडीवरच्या साकवापासून (साध्या अरुंद पुलापासून) सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढणारा वीस मीटरांचा खरा, अंगावर येणारा चढही पुसला जातो. तुमच्या तीन आकड्यांमधला फरक बहुतांशी या गुळगुळीत करण्यातला फरक आहे. म्हणून तिन्ही आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तुम्ही तिघांनी आधी पार केलेला पुणे-महाबळेश्वर मार्ग त्याच संकेतस्थळावर आखा, त्याचा चढ पाहा आणि त्या दिवशी पाय किती बोलत होते ते आठवा. पुढचा प्रत्येक दिवस त्या मापाशी ताडून पाहा, मात्र संकेतस्थळ एकच ठेवा.

घाटमाथा :
मोजपट्टी, मनापासून आभार. माझ्या एका मित्राच्या सायकलच्या यंत्रात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे. तो तरी बरोबर धरावा का?

मोजपट्टी :
चढाच्या बेरजेसाठी तो तक्त्यापेक्षा नक्कीच भरवशाचा असतो. मात्र हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की, तो उंची साधारण आठ मीटरांनी बदलली असे समजतो. त्यामुळे दिवसभरात दाब हलला तर एका जागी उभे असतानाही उंची सरकते. रोज सकाळी किनाऱ्यावर निघताना उंची शून्याच्या जवळ बांधून घ्यावी. समुद्र जवळ असल्याचा हा एक फायदा आहे.

खाडीकाठ :
मी गुहागर तालुक्यातला, आणि या खाड्या लहानपणापासून ओलांडत आलो आहे. तेव्हा बोटींचे मी सांगतो.

तुमच्या मार्गात तीन ठिकाणी फेरीबोट घ्यावी लागेल. सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. या मोटारी नेणाऱ्या रुंद बोटी आहेत, सायकल सहज जाते, सामान उतरवावे लागत नाही. गोव्यात शिरताना तेरेखोलच्या किल्ल्यावरून केरीला जायचे असेल तर तिथली फेरीबोट चौथी. ती नको असेल तर आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलाने जाता येते.

नकाशावर बोट दिसणे आणि बोट मिळणे यांत फरक आहे, ही गोष्ट मार्ग आखताना विसरू नये. शेवटची बोट निघून गेली की तवसाळच्या जेट्टीवर वाऱ्याखेरीज कोणी नसते. नकाशाचे संकेतस्थळ मात्र रात्री नऊ वाजताही तीच रेघ दाखवत राहते. म्हणून प्रत्येक दिवसाचा मार्ग असा आखा की, खाडी दुपारच्या आत ओलांडली जाईल. दिवस जेट्टीपाशी संपवायचा नाही, जेट्टीपाशी सुरू करायचा. वेळा आदल्या दिवशी फोन करून विचाराव्यात, कारण दुरुस्तीसाठी बोट बंद असल्याचे नकाशाला कळत नाही.

सडामार्गी :
खाडीकाठ यांच्या म्हणण्याला तांत्रिक पुस्ती जोडते. एक संकेतस्थळ आंबेतला वळवते आणि दुसरे पाण्यावरून नेते, याचे कारण बहुधा साधे असते. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या नकाशात फेरीचा मार्ग ही एक वेगळी रेघ असते, आणि ती दोन्ही काठांवरच्या रस्त्याला बिंदूला बिंदू जोडलेली असावी लागते. जोड सुटलेला असला की मार्ग शोधणाऱ्या प्रणालीच्या लेखी तिथे बोटच नसते. काही ठिकाणी बोटी टाळण्याचा पर्याय आधीच चालू केलेला असतो, तोही तपासा.

आणि लोकांच्या नोंदींवरून रंगवलेल्या नकाशांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. ज्या रस्त्यावरून पुष्कळ सायकली गेल्या तो तिथे उजळ दिसतो, आणि ही सोय खरोखर फार उपयोगाची आहे. पण दाभोळच्या खाडीत उजळ रेघ दिसते ती बोटीत बसल्यावर घड्याळ थांबवायला विसरलेल्या सायकलस्वारांची असते. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरची रेघ भल्या पहाटे ओहोटीला फिरायला गेलेल्यांची असते, आणि सामान लादलेली सायकल भरतीच्या वेळी तिथून जाणार नाही.

निळी_सायकल :
घाटमाथा, माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझी बहीण रत्नागिरीहून देवगडकडे निघालो होतो. आदल्या रात्री एका ॲपवर मार्ग आखला. त्याने मुख्य रस्ता सोडून सड्यावरून चार किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली आणि आम्हीही ती घेतली. पहिला दीड किलोमीटर डांबर होते, मग खडी, मग लाल माती. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. मातीत ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या, आणि वाट एका वळणानंतर एकदम संपली. समोर चिऱ्याची खाण होती. पावामधून चौकोनी तुकडा कापून घ्यावा तसा सरळ कडांचा खड्डा, तळाशी हिरवट पाणी, काठावर कापलेल्या चिऱ्यांच्या रचलेल्या ओळी. फोनवर मात्र निळी रेघ त्या खड्ड्याच्या मधोमध सरळ पुढे जात होती.

अंधार पडत होता आणि नेटवर्क गेले होते. खाणीवरच्या झोपडीत राहणाऱ्या एका बाईंनी आम्हाला पाणी दिले आणि त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत आमच्यासोबत चालत आला. दोन बायका, दोन सायकली आणि मध्ये तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा. त्या दिवसापासून मी मार्गातील प्रत्येक आडवाट उपग्रहचित्रावर पूर्ण मोठी करून पाहिल्याखेरीज स्वीकारत नाही.

चाकोरी :
ताई, तुमचा अनुभव वाचून काळजात चर्र झाले. पण म्हणूनच मला वाटते की, आपण नकाशांच्या फार आहारी जात आहोत. मी गेली तीस वर्षे या भागात सायकल चालवतो आहे. माझा नियम एकच, जिथे एसटी जाते तिथे सायकल जाते. स्थानकावर जाऊन पाटी वाचावी, चालक-वाहकांना विचारावे. कुठला पूल खचला, कुठे डांबर उखडले, कुठे काम चालू आहे, हे त्यांना सकाळी सकाळी ठाऊक असते. रात्र रात्र जागून पडद्यावर रेघा ओढण्याची गरज नाही.

निळी_सायकल :
चाकोरीकाका, एसटीचा नियम मी आजपासून माझाही करते. परंतु अंधारात सड्यावर विचारायला माणूस नसतो. विचारपूस करायची असेल तर ती कुठे करायची हेही आधी नकाशावरच ठरवावे लागते. शिवाय एकट्या-दुकट्या बाईला प्रत्येक नाक्यावर थांबून मुक्कामाचे गाव सांगत विचारणे नेहमीच सोयीचे असते असे नाही. आखलेला मार्ग जवळ असणे हे माझ्यासाठी स्वातंत्र्य आहे.

चाकोरी :
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य.

सडामार्गी :
निळी_सायकल यांना खाणीवर का नेले असेल, ते सांगते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा आहे. सायकलची बहुतेक ॲप्स त्याच्यावरच उभी आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ गाडीवाटा कोणीतरी दूर बसून उपग्रहचित्रावरून रेखाटलेल्या आहेत. त्या व्यक्तीला वरून लाल पट्टा दिसतो, तो रस्ता आहे की खाणीच्या ट्रकची वाट हे कळत नाही. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी, खडीचा की मातीचा हे लिहिण्याची सोय नकाशात आहे, पण ती जागा रिकामी असली की प्रत्येक प्रणाली आपापला अंदाज बांधते, आणि एखादीचा अंदाज फार उदार असतो.

यावर मला सापडलेला चांगला उपाय म्हणजे बी-राउटर ही मार्ग आखणारी प्रणाली. त्यात सायकलचा स्वभाव एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो आपल्याला बदलता येतो. मी माझ्या फाइलमध्ये पृष्ठभागाची नोंद नसलेल्या गाडीवाटा महाग केल्या आहेत आणि चढालाही किंमत लावली आहे. म्हणजे चार किलोमीटर वाचवण्यासाठी दीडशे मीटर चढवणारी वाट तो स्वतःहून नाकारतो. आखणी झाल्यावर शंकास्पद जागा गूगलच्या रस्त्यावरील छायाचित्रांत पाहाव्यात. ही सेवा भारतात जुलै २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या रस्त्यावर छायाचित्र उपलब्ध आहे, तिथून चित्र घेणारे वाहन गेलेले असते, एवढा तरी दिलासा मिळतो.

घाटमाथा :
मग सरळ गूगलच्या नकाशावरच मार्ग आखला तर काय बिघडले? दुचाकीचा पर्याय तर त्यात आहे.

सडामार्गी :
तो पर्याय २०१७ साली भारतात आला तो मोटारसायकलस्वारांसाठी. पायात किती बळ उरले आहे हा त्याचा विषयच नाही. शिवाय एका मार्गात नऊपेक्षा अधिक थांबे घालता येत नाहीत, आणि आखलेला मार्ग जीपीएक्स फाइल (सायकलच्या यंत्रात घालायची मार्गाची फाइल) म्हणून थेट उतरवून घेता येत नाही. दुकाने, खानावळी, पेट्रोल पंप आणि घरगुती मुक्काम शोधायला मात्र मी तोच वापरते.

दूरदेशी :
मी सध्या नेदरलँड्समध्ये राहतो. इथे सायकलवाटांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक असतो. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली सुरू झाली. घरून निघताना कागदाच्या चिठोऱ्यावर '२३, ४१, ४०, ६७' असे क्रमांक ओळीने लिहून घेतले तरी शंभर किलोमीटर जाता येते, कारण प्रत्येक चौकात पुढच्या क्रमांकाची पाटी असते. पहिल्या वर्षी मी फोनकडे बघत बसायचो, हळूहळू ते सुटले. सुट्टीत घरी आल्यावर अलिबागहून मुरूडला जाताना मात्र जाणवले की, इथल्या सवयीने आखलेला मार्ग तिथे चालत नाही. इथे नकाशा आणि रस्ता यांची सांभाळणूक एकत्र होते, तिथे रस्ता एका पावसाळ्यात बदलतो. तेव्हा आखणी पावसाळ्यानंतरचीच असावी, आणि कोणाची जुनी फाइल घेतलीत तर ती कोणत्या महिन्यातली आहे ते आधी पाहावे.

रात्रपाळी :
मी ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, अशा मर्यादेत रात्री-अपरात्री मार्ग शोधावा लागतो. त्यामुळे मार्ग दाखवणाऱ्या यंत्राबद्दल लिहितो. जीपीएक्स फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे 'रूट', त्यात वळणांचे मोजकेच बिंदू असतात आणि मधला रस्ता यंत्र स्वतः शोधते. दुसरी 'ट्रॅक', त्यात रस्त्यावरचे शेकडो-हजारो बिंदू असतात आणि यंत्र फक्त त्यांच्या मागोमाग जाते. तुम्ही चार रात्री जागून महामार्ग टाळलात, आणि यंत्राने 'रूट' वाचून तुम्हाला पुन्हा महामार्गावर नेले, असे घडू नये म्हणून फाइल नेहमी 'ट्रॅक' म्हणून उतरवा. काही यंत्रे ट्रॅकचीही फेरआखणी करू पाहतात. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा.

सातशे किलोमीटरांची एकच फाइल करू नका. दिवसाची एक, म्हणजे नऊ फाइली, आणि नावात क्रमांक आधी. एखादे दिवशी मार्ग बदलला तर तेवढीच बदलता येते.

फोन वापरणार असाल तर विमानातली अवस्था (एअरप्लेन मोड) चालू ठेवा. नेटवर्क बंद असले तरी उपग्रहांवरून तुमचे ठिकाण कळत राहते, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. यासाठी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप्स चांगली. गूगलचाही नकाशा उतरवता येतो, पण नेटवर्क नसताना तो फक्त मोटारीचा मार्ग सांगतो. आणि एवढे सगळे करूनही वळणांची यादी कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलबारच्या पिशवीत ठेवा. कोकणातल्या घामाने ओल्या झालेल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

पहाटवारा :
फाइल उतरवल्यावर ती दुसऱ्या संकेतस्थळावर चढवून एकदा पाहावी. रेघ तुटली असेल किंवा भलतीकडे उडाली असेल तर घरीच कळते.

खाडीकाठ :
दोन जागा राहिल्या. मालवणहून तारकर्लीला उतरलात तर देवबागच्या टोकाला रस्ता संपतो, पुढे कर्ली नदीचे मुख आहे आणि पूल नाही. पलीकडचे भोगवे हाकेच्या अंतरावर दिसते. होडीवाला सायकल घेईल की नाही ते त्या दिवशीच्या लाटांवर ठरते. परुळ्याकडे जायचे असेल तर पुलाचा मार्ग धरा. दुसरी जागा देवगडची. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने कुणकेश्वरला जा, बराच वळसा वाचतो. नकाशाने तो पूल घेतला नाही तर मध्ये एक बिंदू टाकून त्याला भाग पाडा.

घाटमाथा :
(जानेवारी)
सर्वांना नमस्कार. प्रवास पूर्ण झाला. नऊऐवजी दहा दिवस लागले, कारण दापोलीत एका मित्राच्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या.

आकड्यांबद्दल सांगायचे तर मित्राच्या दाबमापक यंत्राने एकूण चढ ८,७४० मीटर नोंदवला. म्हणजे तीनपैकी एकही संकेतस्थळ बरोबर ठरले नाही. पण मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही प्रत्येक दिवस महाबळेश्वरच्या चढणीच्या मापाने तोलला होता, आणि तो अंदाज केवळ एकदा चुकला, हेदवी ते तवसाळ. तिन्ही बोटी सकाळी घेतल्या. तवसाळच्या जेट्टीवर आम्ही पावणेनऊला पोहोचलो तेव्हा मासे घेऊन जाणाऱ्या चार बायका आणि एक दूधवाला एवढेच होते. बोट लागताच सगळ्यांनी आधी सायकली चढवायला हात लावला.

एसटीचा नियम दोनदा कामाला आला. गुहागरच्या स्थानकावर वाहकाने सांगितले की, आमच्या रेघेवरच्या मोरीचे काम चालू आहे, आणि कोणत्या वाडीतून जावे तेही त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून दिले. एक जागा मात्र कोणाच्याच यादीत नव्हती. नकाशावर पूल म्हणून दाखवलेला साकव निघाला, दोन्ही बाजूंना पायऱ्या. सामान उतरवून तीन खेपा केल्या. सडामार्गी, ही दुरुस्ती नकाशात कशी करायची ते सांगाल का?

सडामार्गी :
जरूर. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडा, त्या रेघेचे तुकडे करून पायऱ्यांचा भाग 'पायऱ्या' म्हणून नोंदवा आणि साकव 'पायवाट' म्हणून. जमल्यास पायऱ्यांची संख्याही लिहा. काही दिवसांत ती नोंद ॲप्समध्ये उतरते. निळी_सायकल, तुमच्या खाणीचे ठिकाण आठवत असेल तर तीही वाट दुरुस्त करू या.

खाडीकाठ :
साकव माझ्या आतेच्या गावचा आहे. अलीकडे अकरा पायऱ्या, पलीकडे नऊ. पलीकडची शेवटची तुटली आहे.

निळी_सायकल :
त्या दिवशीची नोंद माझ्या घड्याळात होती, त्यावरून जागा सापडली. खाणीच्या काठापर्यंतची वाट 'कच्ची, खासगी' केली आणि खड्ड्यावरून जाणारी रेघ पुसली. आज सकाळी तोच मार्ग पुन्हा आखून पाहिला. रेघ सड्याकडे न वळता मुख्य रस्त्याने देवगडला गेली, चार किलोमीटर जास्त.